चौथं डोकं

बसा, बसा. पहाटे चारला सहलीच्या तीन बस सुटायच्या म्हणून आज तुम्ही सगळे गॅरेजमध्येच झोपणार, आणि मला म्हाताऱ्याला तशीही झोप येत नाही. मघाशी मी म्हटलं की उद्या परत निघताना पोरं नुसती मोजू नका, एकेकाचं तोंड बघा, तर तुमच्यातला एकजण हसला. हसलास तू, मी पाहिलं. हरकत नाही. चाळीस वर्षं मी इंजिनं खोलली, भुताबितांवर माझाही विश्वास नाही. पण हे ज्याच्यावर बेतलं तो याच शेडमध्ये बारा वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खात होता, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नव्हता. त्यानं सांगितलं तसं सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

त्याला आम्ही बेरीज म्हणायचो. शाळेच्या बसवर ड्रायव्हर. मोजल्याशिवाय गाडी हलवायचा नाही, आणि मोजायची त्याची एक पद्धत होती. दारापाशी उभा राहायचा आणि चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावायचा. एक, दोन, तीन. नजर रस्त्यावर, हात डोक्यांवर. बघायचाच नाही. बारा वर्षांत एकदाही चुकला नाही, आणि हे तो दिवसातून बारा वेळा ऐकवायचा. घरीही तेच वेड. त्याची बहीण दोन घरं सोडून राहायची, तिची जुळी पोरं याच्याच अंगणात वाढली. स्वतःचा थोरला एक नंबर, जुळे दोन आणि तीन, आणि सहा वर्षांची धाकटी चार नंबर. बाजारात गर्दी झाली की हा भर रस्त्यात ओरडायचा, "चार!" आणि कुठूनतरी धाकटी ओरडायची, "आहे!" लोक हसायचे. हसू देत म्हणायचा.

तर तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला एक काम सांगितलं. समुद्रकाठच्या एका गावात पोरांची सहल न्यायची होती. तिथे पाण्यातला जुना पडका कोट, आणि त्याच्यासमोर एक घरगुती लॉज, लहान मुलांसाठी उत्तम म्हणून नाव असलेलं. तू आधी जाऊन बघून ये, म्हणाल्या. आवारात बस वळते का, खाटा किती, जिन्याला कठडा आहे का, पोरांच्या जिवाला धोका काही नाही ना. वाटलं तर घरच्यांनाही ने. बेरीजला हेच हवं होतं. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार होता. बायको, बहीण आणि चार पोरं गाडीत कोंबून तो सकाळी निघाला, दुपारी दोनला पोचला.

जागा खरंच छान होती. खाली जेवणाचा मोठा हॉल, वर सहा खोल्या. जिन्याला दोन कठडे, एक मोठ्यांच्या हाताला येईल असा आणि एक पोरांच्या. बेसिनपाशी चढायला लाकडी पाट. खाटा बुटक्या, कोपरे घासून गोल केलेले. मालकीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. स्वयंपाक त्यांचा नवरा करायचा. दाराशी एक फळा होता, त्यावर बाई रोज कोटाची वाट उघडायची आणि बुडायची वेळ खडूनं लिहायच्या. कोटाकडे जायला पाण्यातून दगडी वाट होती, दोनशे पावलांची. ओहोटीला उघडी पडायची, भरतीला माणूसभर पाण्याखाली. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, साडेसातला बंद, पहाटे साडेचारला सुरू. बेरीजनं खिशातल्या वहीत सगळं टिपून घेतलं. आवारात गाडी दोनदा वळवून पाहिली. बस आरामात वळेल, असं लिहिलं.

बायकोचं डोकं दुखत होतं, प्रवासात तिला व्हायचं तसं. ती गोळी घेऊन खोलीत अंधार करून पडली. पाचच्या सुमाराला बेरीज, बहीण आणि पोरं कोट बघायला निघाली. वारा फार होता. मालकीणबाईंनी पोरांना अंगावर घ्यायला टोपीचे टॉवेल दिले, पांढरे, सगळे एकसारखे. डोक्यावरून घेतले की पोरगं गुडघ्यापर्यंत झाकलं जायचं.

कोट म्हणजे काय, चार भिंती उभ्या, बाकी ढिगारा. एक कमान, एक अर्धवट बुरूज, छप्पर नसलेल्या पाच-सात खोल्या. लाटा भिंतीवर आपटायच्या आणि पाण्याचे शिंतोडे आत यायचे. पोरं लपाछपी खेळली. धाकटी दोनदा लांब गेली, तर बेरीजनं तिला जोरात रागावलं. एरवी तो आवाज चढवत नसे, पण वाटेची वेळ डोक्यात होती. तिचा चेहरा उतरला. मग ती काही न बोलता आतल्या खोल्यांकडे वळली आणि याला वाटलं, रुसली असेल, येईल.

सहाला सूर्य बुडाला. चंद्र नव्हता. पावणेसातला त्यानं कमानीतून हाक मारली, चला. बहिणीला टॉर्च देऊन पुढे उभं केलं. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मध्ये पोरं, ही त्याची बसची शिस्त. स्वतः कमानीच्या दगडाला टेकला, नजर वाटेवरच्या पाण्याकडे, आणि हात पुढे धरला. टोप्या ओढलेली पोरं एकेक करून त्याच्या हाताखालून गेली. एक. दोन. तीन. मग थोडं थांबावं लागलं. मग चौथं डोकं हाताला लागलं, बरोबर तेवढ्याच उंचीवर.

चार. हिशेब जुळला. तो निघाला.

वाटेवर चौथीनं त्याचा हात धरला. हात गार होता, पण गार सगळेच झाले होते. ती बोलत नव्हती. आता धाकटी म्हणजे तोंडाचा पट्टा, झोपेतही बोलणारी. थोरल्यानं मागे वळून विचारलंसुद्धा, "बाबा, ही गप्प का आहे?" बेरीज म्हणाला, रुसलीय, चल तू पुढे. त्याला वाईट वाटत होतं. रागावलो ते बरं नाही केलं असं मनात येत होतं. म्हणून लॉजपाशी आल्यावर त्यानं तिला कडेवर उचललं. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं, टोपीसकट. टॉवेल पुरता भिजलेला होता. वजनाला नेहमीपेक्षा जड लागली. ओल्या कपड्यांमुळे असेल.

बहीण जुळ्यांना आणि थोरल्याला घेऊन जेवायला बसली. याला वाटलं, ही झोपलीच आहे तर वर निजवून येऊ. खोलीत बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दिवा लावला तर तिचं डोकं परत उठेल. म्हणून त्यानं अंधारातच चौथीला आईच्या शेजारच्या बुटक्या खाटेवर ठेवलं, वर घोंगडी घातली. टॉवेल काढायला गेला तर तिनं तो घट्ट धरून ठेवला होता. राहू दे म्हणाला. डोक्यावरून हात फिरवून, उद्या तुला बुरुजावर नेतो असं कानाशी सांगून तो खाली गेला. खाली मालकीणबाईंनी विचारलं, धाकटीला दूध पाठवू का. नको म्हणाला, झोपली.

बघा, चूक कशी होते. बहिणीला वाटलं, पोर आईजवळ आहे. आईला वाटलं, पोर बापाबरोबर जेवून आली. आणि बापाला तर काही वाटायचं कारणच नव्हतं, त्यानं मोजलं होतं. मोजणीवर इतका विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नसता. तुमच्याआमच्यासारख्यानं निदान एकदा टोपी वर करून बघितलं असतं.

दहाला तो वर आला. थोरला खिडकीखालच्या खाटेवर, बायको मधल्या, धाकटी कोपऱ्यात. दाराची आतली कडी लावून तो अंगावरच्या कपड्यांतच बायकोशेजारी आडवा झाला आणि झोपला. दिवसभर गाडी चालवलेला माणूस, पडल्या पडल्या घोरायला लागला असणार.

दोन वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली. घड्याळ त्यानं पाहिलं होतं, रेडियमचे काटे. बायको त्याचा दंड धरून हलवत होती.

"किती गार पडलीय ही," ती हळूच म्हणाली.

तो अर्धवट झोपेत म्हणाला, भिजली होती, घोंगडी घाल. तिनं दंड सोडला नाही. तिची बोटं रुतत होती. तेव्हा तो नीट जागा झाला. बाहेर भरतीचा आवाज. खोलीत श्वास. त्याला सवय होती, रात्री जाग आली की तो श्वास मोजायचा. खिडकीखाली थोरल्याचा, नाकातून शीळ घातल्यासारखा. शेजारी बायकोचा, भरभर चाललेला.

आणि कोपऱ्यात...

त्यानं कान दिला. पुन्हा दिला.

कोपऱ्यात काही नव्हतं.

"अगं..."

"थांब," ती म्हणाली. "मी तिला जवळ घ्यायला गेले. तोंड केसांशी नेलं." मग म्हणाली, "हिला आपल्या घरचा वास नाही."

तो उठून बसला.

"ही आपली नाही."

त्यानं हात लांब केला. घोंगडीखाली छोटी पाठ होती. ओली. टॉवेल होता, टोपी होती. हात पाठीवर तसाच राहिला. पाठ हलत नव्हती. मग, अगदी सावकाश, ती पाठ त्याच्या हाताखालून वळायला लागली. याच्याकडे.

"दिवा लाव," बायको म्हणाली. आणि लगेच, "नको... नको लावू."

त्यानं हात काढून घेतला. बटण दारापाशी होतं. तीन पावलं. ती कशी टाकली त्याला आठवत नाही. बटण दाबलं.

खाट रिकामी. घोंगडी सपाट. टॉवेलही नाही. चादरीवर ओल, एका लहान मुलाएवढी, आणि ती हळूहळू पसरत होती. दाराची कडी आतून लागलेली. खिडकी बंद. बायकोनं थोरल्याला उचलून छातीशी धरलं होतं.

आणि मग त्याला कळलं, धाकटी कुठे आहे.

संध्याकाळपासून. एकटी. सहा वर्षांची.

तो अनवाणी खाली धावला. मालकीणबाईंचं दार बडवलं. त्या बाहेर आल्या, नवरा आला, बहीण जिन्यात येऊन उभी राहिली. बेरीजनं काय सांगितलं त्यालाच ठाऊक नाही, पण बाईंना कळलं. त्यांनी एकच विचारलं, किती वाजले. अडीच. वाट उघडायला दोन तास होते. तो तसाच पाण्यात शिरला. कमरेपर्यंत गेला आणि ओढीनं त्याचे पाय सुटले. मालकीणबाईंच्या नवऱ्यानं कॉलर धरून मागे खेचला. पट्टीचे पोहणारे तिथे जिवानिशी गेलेत, म्हणाला. तू बुडालास तर तिला आणणार कोण?

मग तो काठावर उभा राहिला आणि समोरच्या काळोखाकडे तोंड करून ओरडायला लागला. तिचं नाव घेऊन ओरडला. बाबा आहे इथे, म्हणून ओरडला. आवाज फाटला. लाटांखेरीज काही नाही. थोरल्याला बहिणीपाशी ठेवून बायको खाली येऊन शेजारी उभी होती, तोंडावर पदर दाबून. शेवटी त्याला दुसरं काही सुचेना. बाजारात ओरडायचा तसा तो ओरडला.

"चार!"

लाट आली. लाट गेली.

"चार!"

आणि पाण्यापलीकडून उत्तर आलं.

"आहे."

आवाज पोरीचा नव्हता. मोठ्या बाईचा होता. घाबरलेला नाही, रागावलेला नाही. आतल्या खोलीतून कुणी विचारलं तर बाई जशी कामातून मान वर न करता सांगेल, तसा.

चौघांनीही ऐकलं. मालकीणबाई तिथेच पायरीवर बसल्या. बेरीजनं त्यांना विचारलं, कोण राहतं तिथे. त्या म्हणाल्या, कोणी राहत नाही. त्यानं पुन्हा हाक मारली नाही. हिंमतच झाली नाही. जवळजवळ दोन तास ती माणसं त्या काठावर बसून पाणी उतरताना बघत होती. असे दोन तास वैऱ्यावरही येऊ नयेत.

चार वाजून दहा मिनिटांनी वाटेचे दगड दिसायला लागले. अजून मांडीभर पाणी होतं. बेरीज आणि मालकीणबाईंचा नवरा कमरेला एकच दोर बांधून निघाले. नवऱ्याच्या हातात कंदील. कमानीपाशी पोचल्यावर तो थांबला. मी इथून उजेड दाखवतो, म्हणाला, पुढे मी येत नाही. बेरीजनं दोर सोडला आणि आत गेला.

पहिल्या खोलीत नव्हती. दुसऱ्या खोलीत नव्हती. बुरुजाच्या पोटात एक कोनाडा होता, कंदिलाचा उजेड तिथे पोचत नव्हता. तिथून त्याला श्वास ऐकू आला. ओळखीचा.

तो गुडघ्यांवर बसला. हातानं चाचपलं. कपाळ. गाल. ऊबदार होती, कोरडी होती. अंगावर टॉवेल नीट खोचून पांघरलेला. "बाबा," ती झोपेत म्हणाली. त्यानं तिला उचललं.

ती उचलली जाईना.

"केस ओढतायत," ती कुरकुरली.

दगडात अडकले असतील. त्यानं हात मागे नेला. केसांचा जाड दोर हाताला लागला. तो कोनाड्याच्या आत, अंधारात गेलेला होता. त्यानं हळूच ओढलं. दोर थोडा आला...

आणि परत गेला.

झोपेतल्या माणसानं कूस बदलावी, तसा.

समोर हातभर अंतरावर कुणीतरी होतं. आवाज नाही. हालचाल नाही. फक्त होतं. तुम्ही सगळे पट्ट्याला सीटबेल्ट कापायचा कटर लावता ना, तसा त्याच्याही पट्ट्याला होता. त्यानं तो काढला. शक्य तितक्या लांब, अंधारात हात घातला. कापलं. पोरीला छातीशी घेतलं आणि मागे न बघता पळाला. कमान. कंदील. पाणी. अर्ध्या वाटेवर असताना त्यांना मागे बाईच्या हाका ऐकू आल्या. कुणाचं तरी नाव. तेच, पुन्हा पुन्हा. ते धाकटीचं नव्हतं.

त्याच सकाळी सातच्या आत ते तिथून निघाले. सोमवारी त्यानं मोठ्या बाईंना सांगितलं की आवारात बस वळत नाही. सहल दुसरीकडे गेली. माझ्या माहितीत तो आयुष्यात एवढंच खोटं बोलला. महिन्याभरात नोकरीही सोडली, आता कुठेतरी गोदामात रात्रपाळी करतो. मोजत नाही. निघायच्या दिवशी याच बाकावर बसून त्यानं मला हे सांगितलं, आणि शेवटचं सांगताना उठून दार लावून घेतलं.

त्या पहाटे पोर लॉजवर आणली, हॉलमधले सगळे दिवे लावले. खरचटलंसुद्धा नव्हतं. तिनं दूध मागितलं. आईनं विचारलं, घाबरली होतीस का बाळा? नाही म्हणाली.

"त्या काकू होत्या ना. त्यांनी माझे केस विंचरले. मग त्या झोपल्या, आणि मला उठताच येईना."

तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिच्या पाठीकडे गेलं. शाळेत उवा झाल्या म्हणून पोरीचे केस मानेच्या वर कापलेले होते, दोनच आठवड्यांपूर्वी, आईनंच कापले होते. आणि पाठीवर कमरेपर्यंत वेणी. वरची चार बोटं काळी, मऊ, तिची. त्याखाली त्यांतच गुंफून घेतलेले दुसरे केस. जाड. पांढरे. टोकाला कटरनं तिरके कापलेले.

आईनं ती वेणी कितीतरी वेळ हातात धरली. मग म्हणाली, किती हळू हातानं घातलीय, एक केस ओढलेला नाही... आणि रडायला लागली. सोडवून पाहिली, सुटेना. शेवटी पोरीचे होते नव्हते तेवढे केस मुळापासून कापून काढावे लागले.